पंखा दुरुस्त करणारी मुलगी आणि अकरावीचा फॉर्म

पत्र (जागेअभावी कापून): मी ऐरोलीला राहते. मिस्टर रबाळ्याला एका कंपनीत स्टोअरमध्ये आहेत, मी घरून डबे देते. मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली. मराठी माध्यम. ७५-७८ टक्के पडतील असं शाळेतल्या बाईंचं म्हणणं. जवळच्या एका क्लासने अकरावी-बारावी ‘इंटिग्रेटेड’चे दोन वर्षांचे २,८०,००० रुपये सांगितलेत. निकालाआधी २५,००० भरले तर सूट आहे. माझे दीर न्यू जर्सीला असतात. त्यांचा मुलगा शाळेतच कॉलेजचे विषय करतो, पुढे तेवढी फी आणि वेळ वाचणार. ते म्हणतात, तुमच्याकडे असं काही आहे का बघा. नणंद म्हणते, आयटीआय-डिप्लोमा हे ज्यांना काही जमत नाही त्यांच्यासाठी. मिस्टर म्हणतात, तू ठरव. मुलगी तर काहीच बोलत नाही. स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरभर फिरते. परवा हॉलमधला पंखा हळू फिरत होता तर मला न विचारता त्यात काहीतरी बदलून टाकलं. काय करू?

उत्तर:

ताई, तुमचं मूळ पत्र तीन पानांचं आहे. त्यात दिरांचं मत आहे, नणंदेचं आहे, क्लासच्या काउन्सेलरचं आहे. मुलीबद्दल सगळ्यात शेवटी दोन-तीन ओळी, आणि त्याही तक्रारीच्या सुरात. मी त्या ओळींपाशीच अडकले.

हळू फिरणाऱ्या पंख्यात बदलतात तो कपॅसिटर, मोटरला जोर देणारा छोटा भाग. आपल्या घरगुती पंख्यांत बहुतेक करून अडीच मायक्रोफॅरडचा असतो, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. पंख्याची कपलिंगवरची वाटी दांड्यावर वर सरकवायची, जुन्याच्या वायरी कुठे जोडल्यात ते बघून ठेवायचं, नवा जोडायचा, वाटी परत खाली. काम दहा-पंधरा मिनिटांचं. पण पंखा फिरतोय, नुसता जोर नाही, म्हणजे मोटर जळालेली नाही आणि संशय कपॅसिटरवर घ्यायचा, हे आधी डोक्यात यावं लागतं. मी पॉलिटेक्निकमध्ये चोवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातली मुलंसुद्धा अशा वेळी पहिल्या झटक्यात “मॅडम, रेग्युलेटर गेलाय” म्हणायची. तुमच्या मुलीला हे कुणी शिकवलं, ते तिला विचारा. आणि मेन स्विच बंद करून काम केलं होतं ना, हेही आजच विचारून घ्या. नसेल तर रागवा. फक्त त्याच कारणासाठी रागवा.

आता हिशेब. कोण काय म्हणतं ते बाजूला ठेवून एका कागदावर वर्षं मांडू. दहावीनंतर अकरावी-बारावी सायन्स दोन वर्षं आणि मग इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षं, एकूण सहा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षं आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन आणखी तीन, एकूण तेही सहाच. एक वर्षही जास्त नाही. फरक आहे तो मधल्या मुक्कामाचा. पहिल्या वाटेवर अठराव्या वर्षी हातात बारावीचं गुणपत्रक आणि सीईटीचा स्कोअर असतो. त्या दोन्हींवर कुणी नोकरी देत नाही. दुसऱ्या वाटेवर एकोणिसाव्या वर्षी डिप्लोमा असतो, आणि त्यावर नोकरी लागते किंवा पुढे शिकता येतं. मधेच कधी घरात अडचण आलीच, मिस्टरांची कंपनी हललीच, तर थांबायला एक पायरी आहे. सायन्स वाईट असं मी म्हणत नाही. पण डिप्लोमा म्हणजे वर्षं वाया, हा समज साध्या बेरजेतच कोसळतो, एवढं नणंदेला सांगा.

दिरांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो तुम्हाला सगळ्यात जास्त टोचलेला दिसतो. अमेरिकेतलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. तिथे शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे विषय घेता येतात आणि त्यांची क्रेडिट्स, म्हणजे पदवीसाठी मोजायचे अभ्यासाचे गुण, जमा होतात. ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात १९७४ मध्येच असं हायस्कूल सुरू झालं, आणि ते निघालं होतं ते मधेच शाळा सोडतील अशी भीती असलेल्या मुलांसाठी, हुशार मुलांच्या चैनीसाठी नाही. २०११ मध्ये ब्रुकलिनला आयबीएम कंपनीला सोबत घेऊन पी-टेक नावाची शाळा निघाली. तिच्यात नववी ते ‘चौदावी’. सहा वर्षांत हायस्कूलचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची असोसिएट पदवी, दोन्ही. छान योजना आहे. पण शाळेत मिळवलेली क्रेडिट्स पुढचं कॉलेज किती मानेल, हे त्या त्या कॉलेजवर असतं. दिरांनी तिकडे ते आधी विचारून घ्यावं, असा निरोप माझ्याकडून द्या.

आपल्याकडे असं काही आहे का? त्या नावाने नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शाळेच्या वर्षांनाही क्रेडिटमध्ये मोजायचं ठरवलंय, २०२१ पासून क्रेडिट साठवायची ‘बँक’ही आहे, पण अकरावीत काहीतरी जादा केलं म्हणून पदवीचं वर्ष वाचेल या भरवशावर आज कुणी प्रवेश ठरवू नये. मात्र शाळा आणि कॉलेज यांच्यातली जी भिंत दिरांना तिथे फोडावी लागते, ती आपल्याकडे त्या जागी उभीच नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. आपली शाळा दहावीला संपते. सोळाव्या वर्षी मुलगी पॉलिटेक्निकच्या दारातून आत जाते तेव्हा ती कॉलेजातच गेलेली असते. वर्कशॉप, लॅब, सेमिस्टर, सबमिशन, केटी, सगळं कॉलेजचं. आणि ही तीन वर्षं पदवीच्या खात्यात एका वर्षाची सूट म्हणून रीतसर मोजली जातात. दिरांचा मुलगा जे करतोय, त्याचंच हे आपलं जुनं रूप आहे. नुसतं त्याला इंग्रजी नाव नाही, म्हणून आपल्याला ते कमी वाटतं.

आता इंटिग्रेटेड, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकवणं क्लासमध्ये. यावर माझं मत एकतर्फी आहे, आधीच सांगून ठेवते, कारण मी स्वतः पोळलेली आहे. माझ्या मुलाला आम्ही असंच घातलं होतं. कॉलेज एकीकडे, क्लास दुसरीकडे, आणि मुलगा फक्त क्लासला. दोन वर्षांत तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत किती वेळा गेला असेल ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. बारावीच्या फेब्रुवारीत एका रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर त्याने केमिस्ट्रीचं अख्खं जर्नल उतरवून काढलं. रीडिंग कुणा दुसऱ्याची, आलेख कुणा तिसऱ्याचे. मी, शिकवण्यात आयुष्य गेलेली बाई, शेजारी बसून त्याला पट्टी धरून देत होते. पुढे पदवीच्या पहिल्या वर्षाला ब्युरेटमधल्या पाण्याची पातळी कुठे बघायची हे त्याला ठाऊक नव्हतं. खालच्या वळणापाशी बघायची असते, आणि हे पुस्तकात लिहिलेलं असतं. त्याने ते पाठ केलं होतं, बघितलं नव्हतं. हातांनी विचार करणाऱ्या मुलीला दोन वर्षं नुसत्या एमसीक्यूसमोर, म्हणजे पर्यायांवर खुणा करायच्या प्रश्नांसमोर, बसवणं, त्यासाठी २,८०,००० मोजणं... नको हो.

निकालाआधी २५,००० ही घाई तर मुळीच करू नका. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. त्यांत मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करावेत, असं म्हटलंय. क्लासवाल्याला हे लिहून मागा. लिहून देताना तो किती वेळ लावतो ते बघा, म्हणजे पैसे परत यायला किती वेळ लागेल याचा अंदाज येईल.

डिप्लोमाची चांगली बाजू सांगितली, आता अवघड बाजू, कारण ती प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, शाखा सोळाव्या वर्षी ठरवावी लागते. इलेक्ट्रिकल घेतलं आणि दीड वर्षाने कळलं की हे आपलं नाही, तर परतीचा रस्ता महाग पडतो. डॉक्टरकीकडे तर थेट वळता येत नाही, नीटला बारावीचं बायोलॉजी लागतं. दुसरी गोष्ट गणिताची. डिप्लोमाचं पहिलं वर्ष दहावीतल्या ७५ टक्क्यांना चांगलंच हलवतं. त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, मग डेरिव्हेटिव्ह, सगळं भराभर. बरी बरी मुलं पहिल्या सेमला गणितात केटी घेऊन बसतात आणि आई-वडील म्हणतात, शाळेत तर गणितात ऐंशी होते! केटी म्हणजे नापास होऊन घरी बसणं नव्हे, पेपर पुन्हा देता येतो. पण साठत गेल्या की वर्ष जातं. तिसरी गोष्ट, डिप्लोमावरून पदवीच्या दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांसमोर पहिल्याच दिवशी एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, उभं राहतं, आणि शेजारच्या बाकावर बारावी आणि पदवीचं पहिलं वर्ष करून आलेली मुलं असतात. लॅबमध्ये डिप्लोमावाल्या मुलांकडे बघून ती शिकतात, गणितात उलटं होतं. पहिले सहा महिने जड जातात. जाणार हे माहीत असेल तर सुट्टीत तयारी करता येते.

मराठी माध्यमाची काळजी मात्र करू नका. आपल्या तंत्रशिक्षण मंडळाने डिप्लोमासाठी मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय ठेवलाय. आणि खरं सांगू? वर्गात आम्ही कायम तसंच शिकवत आलो. “करंट इकडून आत येतो, इथे डायोड त्याला अडवतो” हे वाक्य कुठल्या माध्यमाचं आहे, तुम्हीच सांगा.

आयटीआयबद्दल नणंदेने जे म्हटलं त्यावर थोडी जास्त जागा घेते, कारण हा गैरसमज ठाणे-नवी मुंबईतच सगळ्यात कमी शोभतो. ऐरोलीहून महाप्याकडे जाताना खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात ना, त्यांतल्या कितीतरी डेटा सेंटर आहेत. तिथे चोवीस तास वीज आणि चोवीस तास गारवा लागतो, आणि तो राखायला इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एसीचा मेकॅनिक लागतो. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या केमिकल प्लांटना इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं लागतात. तुमच्या मिस्टरांना विचारा, त्यांच्या कंपनीत मशीन बंद पडलं की सगळे कुणाची वाट बघत उभे राहतात. ऑफिसातल्या पदवीधराची नसणार.

आयटीआयमध्ये पहिल्या महिन्यात फिटरच्या मुलांना काय करायला लावतात ते सांगते. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीने घासायचा. दिवसभर. मग दुसऱ्या दिवशीही. बाजू सपाट झाली असं वाटलं की तिला ट्राय स्क्वेअर लावायचा, म्हणजे सुताराचा गुण्या असतो तसलाच, आणि तुकडा खिडकीकडे उचलून धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की निदेशक काही न बोलता तुकडा परत देतात. घास. असं करता करता पंधरा दिवसांनी एक दिवस उजेड दिसत नाही. त्या दिवशी पोरं तो तुकडा खिशात घालून घरी नेतात. नेऊ नये असा नियम असतो, पण नेतात. डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्येही हे काम असतं, पण आठवड्यातून काही तास. आयटीआयमध्ये ते रक्तात जातं.

आयटीआय निवडायचंच असेल तर एकच प्रश्न विचारा: ट्रेड, म्हणजे तिथला कोर्स, एक वर्षाचा की दोन वर्षांचा? वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) हे एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, रेफ्रिजरेशन-एसी हे दोन वर्षांचे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एका वर्षाच्या ट्रेडवरून ही वाट मिळत नाही, आणि फॉर्म भरताना हे कळलं नाही तर पुढे फार चुटपुट लागते. म्हणजे आयटीआय दोन, डिप्लोमा दोन, पदवी तीन, सात वर्षं. सायन्सपेक्षा एक वर्ष जास्त, आणि मधे थांबायला दोन पायऱ्या. माझ्या वर्गात दिघ्याचा एक मुलगा असाच वायरमन करून आला होता. लॅबमध्ये पॅनेलचं वायरिंग करताना त्याच्या वायरी इतक्या सरळ जायच्या की बाकीच्या मुलांना मी त्याचा बोर्ड दाखवायची. गणितात दोनदा बसला. तिसऱ्यांदा सुटला, आणि पेढे घेऊन आला ते मला नव्हे, गणिताच्या सरांना!

शिकता शिकता कमाई हवी असेल तर अ‍ॅप्रेंटिसशिप आहे. १९६१ च्या कायद्याने तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, विद्यावेतनासह. मध्य रेल्वे परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपसाठी, कुर्ला-कल्याणच्या शेडसाठी आयटीआय झालेली मुलं घेते. त्यांची निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, म्हणून दहावीचे टक्के इथेही उपयोगी पडतात. माझगाव डॉक तर थेट दहावी पास मुलांनाही परीक्षा घेऊन अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतं. ही जाहिरात कुठल्या क्लासच्या पत्रकात दिसणार नाही, कारण तिच्यात क्लासचा काही फायदा नाही.

आणि समजा मुलगी म्हणाली की मला अजून ठरवता येत नाही. म्हणू दे, सोळाव्या वर्षी तो हक्क आहे. मग अकरावी सायन्सच घ्या, पण बायफोकलसह. त्यात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुधा बायोलॉजी, सोडून २०० गुणांचा व्यावसायिक विषय मिळतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स बऱ्याच ठिकाणी असतं. प्रॅक्टिकल खरोखर होतात का, हे मात्र प्रवेशाआधी त्या कॉलेजच्या मुलांनाच विचारा, ऑफिसात नको. बारावी सायन्सनंतरही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, म्हणजे ती वाट बंद होत नाही, एक वर्ष लांबते एवढंच. शिवाय आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस आहे. डेटा सायन्सचा २०२० पासून, इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा २०२३ पासून. त्याच्या पात्रता फेरीला अकरावीची परीक्षा दिलेली मुलंही बसू शकतात आणि बारावी झाल्यावर प्रत्यक्ष प्रवेश घेतात. मधे थांबलं तरी टप्प्याचं प्रमाणपत्र मिळतं. दिरांना ज्याचं कौतुक आहे, त्याच्या जवळ जाणारं आपल्याकडे हेही आहे. पण तो अभ्यास इंग्रजीतून आणि एकट्याने करायचा असतो. सगळ्यांना झेपत नाही, न झेपलं तर लाजायचं कारणही नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते: तुमच्या मुलीसाठी डिप्लोमा, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. पण हे माझं मत झालं, आणि मी तिला भेटलेलीही नाही. म्हणून निकाल लागेपर्यंत हे करा.

तिला दोन-तीन ठिकाणी घेऊन जा. ठाण्यात चेंदणी बंदर रोडवर विद्या प्रसारक मंडळाचं पॉलिटेक्निक आहे. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने दिघा, मग ठाणे, आणि स्टेशनवरून चालत. वाशीत अ‍ॅग्नेल आहे, खारघरला भारती विद्यापीठ. वागळे इस्टेटला सरकारी आयटीआय आहे, तोही बघा. गेटवर सांगा की मुलीला वर्कशॉप दाखवायचंय. एखाद्या ठिकाणी नाही म्हणतील, दुसरीकडे दाखवतील. वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय ऑप्शन फॉर्ममध्ये जरूर टाका, पण ७५-७८ ला तिथे नंबर लागणं अवघड आहे, त्या आशेवर बाकीचे पर्याय कोरे ठेवू नका. वर्कशॉपमध्ये तुम्ही मशीन बघू नका, मुलीकडे बघा. ती कुठे रेंगाळते, कुणाला काय विचारते. घरी न बोलणारी मुलं अशा ठिकाणी एकदम बोलायला लागतात, हे मी दर जूनमध्ये बघितलंय.

दुसरं, कागदपत्रं, आणि ती आजपासून. ऐरोली नवी मुंबईत असली तरी तालुका ठाणे, त्यामुळे दाखले ठाण्याच्या तहसीलमधून. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर. मे अखेरीला सगळं ठाणे तिथे रांगेत असतं. हे कागद फीसाठी लागतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून कुणी “थेट सीट देतो” म्हणालं तर ही माफी गेली, हे ध्यानात ठेवा. तुम्ही या गटांत बसत नसाल तरी फीमाफीच्या वेगळ्या जागा आणि निम्म्या फीची शिष्यवृत्ती आहे, सुविधा केंद्रावर विचारा.

तिसरं, दोन्ही फॉर्म भरा. डिप्लोमाचा तंत्रशिक्षण संचालनालयाकडे आणि अकरावीचा शिक्षण विभागाच्या ऑनलाइन प्रक्रियेत. एक भरला म्हणून दुसरा बाद होत नाही. अकरावीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून पहिली पसंती विचार करून टाका, शेजारच्यांनी टाकली म्हणून नाही.

फॉर्म सायबर कॅफेवाल्याकडे देऊन येऊ नका. संध्याकाळी डबे आटपले की मुलीला मोबाइल घेऊन बसवा, पर्याय तिलाच टाकू द्या, तुम्ही शेजारी बसा. चुकलं तर मुदतीच्या आत दुरुस्त करता येतं.

आणि तिला विचारून मला कळवा, पंख्यात कपॅसिटर कितीचा टाकलाय. ३.१५ चा टाकला असेल तर हॉलमधला पंखा सध्या जरा जास्तच जोरात फिरत असणार.